तिच्या पायानं श्रीगोंद्याला

हल्ली संध्याकाळच्या बैठकीत मला कुणी तब्येतीचं विचारत नाही. राहुरीला विद्यापीठाच्या फाटकाजवळ एक चहाची टपरी आहे, तिथे आम्ही पाच-सहा निवृत्त प्राध्यापक जमतो. पूर्वी माझ्या रक्तदाबाची चौकशी व्हायची, गुडघ्यांची व्हायची. आता मी दिसलो की एकच प्रश्न, "धर्माधिकारी, आज काय झालं?" आणि रोज काहीतरी झालेलं असतंच!

गाडी घेतल्यापासून घरात दोन गोष्टींना जागा पुरत नाही. एक तिचे सुटे भाग, दुसरे तिचे किस्से. सुटे भाग पलंगाखाली सारतो. किस्से कुठे सारावेत ते कळेना, म्हणून इथे लिहून काढतोय. तपशिलात चुका असण्याची शक्यता आहे. माझी बायको सुमती म्हणते, शक्यता कसली, आहेतच.

*

मुळात मी गाडी घ्यायला गेलोच नव्हतो. मी कांदे बघायला गेलो होतो!

धान्य वाळवताना आणि कांदा साठवताना ढिगातून हवा कशी फिरते, या विषयावर मी पीएच.डी. केली आणि तेच आयुष्यभर शिकवलं. त्यामुळे कुणाच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की अजूनही बोलावणं येतं. दिवाळी होऊन गेली होती. श्रीगोंद्याजवळचे बागायतदार बापूसाहेब यांनी बोलावलं म्हणून गेलो. चाळीत फिरता फिरता एका टोकाला बारदानाखाली काहीतरी गोल, पाठीसारखं दिसलं.

"हे काय?"

"बाबांची गाडी. स्पोर्ट."

बारदान ओढलं. दोन दारांची, बुटकी, एकेकाळी लाल असलेली जर्मन गाडी. इंजिन मागे, आणि ते पाण्याने नाही, हवेने थंड होणारं. तरुणपणी वर्षभर परदेशात शिकायला होतो तेव्हा अशीच एक गाडी वसतिगृहाखाली उभी असायची. मी जेवायला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचो, तिच्यावरून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"सर, ओरिजिनल हाय."

"हो, पण चालते का?"

"एक नट बदल्याला न्हाई, सर. ओरिजिनल!"

मला वाटलं, हे उत्तर आहे.

सौदा होत आला तेव्हा बापूसाहेबांच्या आई, आक्का, चाळीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ऐंशीच्या पुढच्या, काटक. म्हणाल्या, "न्यायची तर न्या. पर एक. आमच्याकडं खंडेनवमीला समद्या गाड्यांची पूजा व्हती. ट्रॅक्टर, टेम्पो, समदं दारात हुभं ऱ्हातं. तवा ही पन दारात आली पायजे. तिच्या पायानं. टेम्पोत घालून आनली तर ठिवून घीन, आन तुमचं पैसं परत."

खंडेनवमीला जवळजवळ वर्ष होतं. मी "हो" म्हणालो. सुमतीला न विचारता आयुष्यात घेतलेला हा माझा पहिला निर्णय. दुसरा अजून घेतलेला नाही.

टेम्पोतून गाडी उतरवताना सुमती फाटकात उभी होती. एवढंच म्हणाली, "आणि कांद्याचं काय झालं?"

कांद्याचं बघायचं राहिलंच होतं!

*

हवेवर थंड होणारं इंजिन म्हणजे काय, हे बैठकीतल्या मंडळींना समजावून सांगावं म्हणून मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. पंखा इथे, सिलिंडर इथे, हवा इकडून आत, तिकडून बाहेर. बाण लाल पेनने. चांगला अर्धा तास बोलायची तयारी होती.

"या इंजिनाला पाणी लागत नाही," मी सुरुवात केली.

"म्हणजे बुलेटसारखं," गाडेकर म्हणाला. गाडेकर म्हणजे आमचा ऊसतज्ज्ञ, माझा जुना सहकारी.

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "आमच्या हिरीवरच्या डिझेल पंपाला पन न्हाई लागत पानी."

मी आकृतीची घडी घालून खिशात ठेवली.

"मग एवढी काळजी कसली करतोस?" गाडेकरने विचारलं.

"तापली तर?"

"बुलेट तापते का?"

"मला काय माहीत? मी कुठे बुलेट चालवली आहे!"

"तू ही तरी कुठे चालवली आहेस?"

*

गाडी चालू करायचं काम नाना मेस्त्रीने घेतलं. मनमाड रस्त्यावर त्याचं बुलेट दुरुस्तीचं शेड आहे. त्याने इंजिनावर नुसती नजर टाकली आणि म्हणाला, "एका दिसाचं काम हाय, सर!" अख्खा हिवाळा गेला.

नानाचं म्हणणं, दोष कार्ब्युरेटरमध्ये आहे. माझं म्हणणं, स्पार्कची वेळ चुकते आहे. तो कार्ब्युरेटर साफ करायचा, गाडी चालू व्हायची नाही. मी म्हणेन तशी तो स्पार्कची वेळ बदलायचा, गाडी चालू व्हायची नाही. दोघांनीही एकमेकांना चूक ठरवलं, बरोबर मात्र कुणीच ठरलं नाही.

मग मी इंटरनेटवर अशा गाड्यांच्या मालकांचा एक मंच आहे, तिथे लिहिलं. एका इंग्रज गृहस्थाने फार आपुलकीने विचारलं, स्टार्टर मारल्यावर काही वेगळा वास येतो का? मी प्रामाणिकपणे कळवलं, "कांद्याचा." त्यानंतर त्या गृहस्थाचं उत्तर नाही.

आणि एका दुपारी, आम्ही दोघांनी काहीही केलेलं नसताना, गाडी चालू झाली! नाना एकदम मागे सरकला. वर्षानुवर्षं कांद्याच्या चाळीत उभी असल्यामुळे पंख्याच्या पेटीत, सिलिंडरभोवती, सगळीकडे कांद्याची वाळकी टरफलं गच्च बसली होती. पंखा फिरला तशी ती उडायला लागली. गुलाबी टरफलांचा पाऊस! आणि जी उडाली नाहीत ती गरम इंजिनावर खरपूस भाजायला लागली.

शेजारच्या ढाब्यावरून एक ट्रक ड्रायव्हर वासाच्या मागे मागे शेडपर्यंत आला. इंजिनाकडे जरा वेळ बघून म्हणाला, "काय बनवताय?"

"गाडी!" नाना डोळ्यांतलं टरफल काढत म्हणाला.

"कांदा जळतोय बघा," असं सांगून तो निघून गेला.

*

एप्रिलमध्ये पहिली लांबची फेरी नेवाशाची ठरली. माऊलींचं दर्शनही होईल आणि इंजिन तापतं का तेही कळेल. शेजारी बसायला गाडेकर तयार झाला.

या गाडीत एक हीटर असतो. थंड देशातली गाडी, त्यामुळे इंजिनावरची गरम हवा नळीने थेट बसणाऱ्याच्या पायांशी सोडायची सोय आहे. तिचा एक दांडा असतो. तो वर की खाली, म्हणजे चालू की बंद, याची मला आदल्या दिवसापासून शंका होती. ती फिटावी म्हणून मी तो निघताना वर ओढून पाहिला. तो वरच अडकला.

एप्रिल महिना, दुपारचं ऊन, आणि पायांवर हीटर! शनिशिंगणापूरच्या फाट्यापर्यंत गाडेकरने बूट काढले, मोजे काढले, शेवटी दोन्ही पाय उचलून समोरच्या काचेला लावले. एसटीतली माणसं खिडकीतून बघत होती. मी गाडी चालवत असल्यामुळे मला पाय उचलता येत नव्हते. माझं लक्ष तापमानाकडे होतं. इंजिन अजिबात तापलेलं नव्हतं!

नेवाशाला देवळात शिरल्याबरोबर गाडेकर थंडगार फरशीवर फतकल मारून बसला, तो उठेना.

"दर्शन झालं, चल," मी म्हणालो.

"तू हो पुढे. मी एसटीने येतो."

"अरे, पण इंजिन उत्तम चाललंय!"

त्याने आपले लालबुंद तळपाय मला दाखवले. "धर्माधिकारी, तुझी पीएच.डी. धान्य वाळवण्यावर आहे हे मला माहीत होतं. माणसं वाळवशील असं वाटलं नव्हतं!"

*

मे महिन्यात आमच्या कॉलनीला लागून शेत असलेले सोपानराव घरी आले. "सर, पोरगं आडून बसलंय. म्हनतंय, वरात काडायची तर सरांच्या लाल गाडीतनंच."

नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

वरातीच्या दिवशी सकाळीच गाडी सोपानरावांच्या दारात लावून आलो होतो. संध्याकाळी चालवायला गेलो तर सजावट झालेली. पुढे माळा, आरशांना गोंडे, आणि मागच्या झाकणावर, जिथे हवा आत घ्यायच्या जाळ्या असतात नेमक्या तिथे, झेंडूची जाडजूड चादर! तिच्यावर थर्मोकोलमध्ये नवरा-नवरीची नावं. ढिगाला हवा मिळाली नाही तर तो आतून तापतो, हे एक वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं.

पण करवल्या ओवाळत होत्या. वरातीच्या गाडीची फुलं मी उतरवायला सांगायची? अपशकून म्हणतील. तरी धीर करून सोपानरावांच्या कानाशी गेलो, "मागची फुलं जरा..."

"जरा कमी पडली ना? मला पन तेच वाटलं. आरं, सरांच्या गाडीला आनखी लाव रं!"

आणखी लावली.

डीजे पुढे, त्याच्यापुढे नाचणारे, मागे मुंगीच्या पावलाने आम्ही. मारुतीच्या देवळासमोर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मंडळींना वाटलं, देवाला नमस्कार करायला थांबलो. सगळ्यांनी नमस्कार केला. मग ढकलायला लागले. डीजेच्या ठेक्यावर ढकलत होते, त्यामुळे दोन पावलं पुढे आणि एक मागे.

नवरदेव माझ्या शेजारी बसला होता. अंगात शेरवानी, डोक्याला फेटा, मुंडावळ्या, गळ्यात दोन हार, धूळ नको म्हणून काचा वर. आपल्या गाडीमुळे याची वरात बिघडली, या विचाराने मला फार अपराधी वाटायला लागलं. मी म्हणालो, "हे बघ, इंजिनात दोष नाही. फुलांमुळे तिला हवा मिळत नाहीये, ती गुदमरली आहे."

तो समोर बघत म्हणाला, "सर, मी पन."

*

पावसाळा गेला. नवरात्र बसलं. मला जेवण जाईना. गाडी पाच वेळा निघाली तर चार वेळा पोचायची, आणि पाचवी वेळ कोणती ते आधी कळायचं नाही. त्यात राहुरीपासून श्रीगोंदा म्हणजे मधे अख्खं नगर ओलांडायचं. रस्त्यात बंद पडली तर टेम्पो, आणि टेम्पो म्हणजे गाडी गेली. इतक्या महिन्यांत मला एक गोष्ट कळून चुकली होती. ही गाडी गेली तर मला दुसरी कुठलीच नको होती.

गाडेकरने मार्ग काढला. "शेवटच्या वळणापर्यंत टेम्पोत ने. तिथे उतरव. पुढचं चालवत जा. आक्कांना काय कळतंय?"

मला ते पटलं. म्हणजे पटलं नाही, पण दुसरं काही सुचेना. घरी येऊन सुमतीला सांगितलं. ती निरांजनाच्या वाती वळत होती.

"आणि आक्कांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार."

"मग मी सांगेन."

"तू कशी सांगशील? तू कुठे असणार आहेस तिथे?"

"येणार आहे," ती म्हणाली. "त्या गाडीत बसून."

गाडी आल्यापासून सुमतीने तिच्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

*

खंडेनवमीला सकाळी लवकर निघालो. नगर सुखरूप ओलांडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग लागले होते. दौंड रस्त्याला लागलो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला.

या गाडीत लाल दिव्याचा एक अर्थ असा की पंख्याचा पट्टा तुटला. पट्टा तुटला की हवा बंद, आणि हवा बंद म्हणजे थोड्या वेळात इंजिन जळतं. म्हणून दिवा लागला की ताबडतोब थांबायचं. मी थांबलो. मागे जाऊन झाकण उघडलं. पट्टा शाबूत! पुन्हा निघालो. पुन्हा दिवा. पुन्हा थांबलो. पट्टा शाबूत. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण एक फूलवाला सायकलवरून प्रत्येक वेळी आम्हाला मागे टाकत होता आणि प्रत्येक वेळी हात करत होता.

"पट्टा आहे?" सुमतीने विचारलं.

"आहे."

"मग?"

"दिवा लागतोय."

"मग खरं कुणाचं मानायचं? पट्ट्याचं की दिव्याचं?"

"तसं सरळ सांगता येत नाही. डायनॅमोचा दोष असू शकतो, वायर कुठेतरी..."

सुमतीने कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली.

"आता लागतोय?"

"दिसत नाही."

"चला मग."

एखादा मैल गेल्यावर माझ्या लक्षात आलं. "अगं, पण पट्टा खरंच तुटला तर कळणार कसं?"

पर्समधून दुसरी टिकली काढून कपाळाला लावत ती म्हणाली, "तुम्हाला कळेल. तुम्हाला न तुटलेलासुद्धा कळतो."

*

आणि आम्ही पोचलो!

आक्कांच्या अंगणात ट्रॅक्टर, दोन टेम्पो, चार मोटारसायकली धुऊनपुसून ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांना हार. ओळीत एक जागा मोकळी ठेवली होती. त्या जागेत मी गाडी नेऊन उभी केली. इंजिन मात्र बंद केलं नाही. बंद केलं आणि पुन्हा चालू झालं नाही, तर ती आली असं धरायचं की नाही, याबद्दल माझ्या मनात गोंधळ होता.

बापूसाहेब ओरडत घरात गेले, "आक्का, आली! तिच्या पायानं आली!"

आक्का ताट घेऊन बाहेर आल्या. पायरीवरच थांबल्या. मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या झाकणावर तळवा ठेवला. झाकण गरम होतं, हात चटकन मागे घेतला.

"ही कुनाची?"

"आक्का, असं काय करती? आपली. बाबांची!"

"न्हाई."

मी घाईघाईने पुढचं झाकण उघडलं. "आक्का, तीच आहे हो. रंगसुद्धा मी बदललेला नाही. इथे चेसिसचा नंबर आहे, कागदांवर तोच..."

आक्कांनी तिकडे पाहिलंही नाही.

"मालक रोज सकाळच्याला तिच्यात जाऊन बसायचं," त्या म्हणाल्या. "चावी फिरवायचं, कान लावायचं. च्या मी तितंच न्यायची. शेवटपत्तोर एक दिस बोलली न्हाई ती. आमची गाडी मुकी हुती. ही बोलतीया."

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब ट्रॅक्टरच्या हाराकडे बघत होते.

मला काही उलगडेना. गाडी चालली नसती तर ती त्यांची ठरली असती आणि त्यांनी ठेवून घेतली असती. चालली म्हणून ती त्यांची नाही. मग मी दारात आणलं काय? अट पाळली की मोडली? सुमती गाडीतून खुणा करत होती, गप्प बसा. पण मला राहवलं नाही.

"आक्का, मग... अटीचं काय?"

"तुमची हाय ही," आक्का म्हणाल्या. "न्या घरी."

असं म्हणून त्यांनी ताट सावरलं आणि अंगण ओलांडून कांद्याच्या चाळीकडे गेल्या. चाळीच्या टोकाला, जिथे गाडी बारदानाखाली उभी असायची, ती जागा अजून रिकामीच होती. आक्का तिथे वाकल्या, जमिनीला हळदकुंकू वाहिलं आणि त्या रिकाम्या जागेला तीनदा ओवाळलं.

मग मागे न बघता म्हणाल्या, "बापू, नारळ आन."